पर्णवीच्या गळ्यातली कडी

पर्णवी रडली तेव्हा केतकीला आधी कळलंच नाही, की हा आवाज आपल्या मुलीचा आहे.

मिरजेच्या त्या हॉस्पिटलात, ऑपरेशननंतरच्या वॉर्डात, आणखीही मुलं होती. त्यांतलंच एखादं भुलीतून जागं होऊन रडत असेल असं वाटून तिनं शेजारच्या खाटेकडे पाहिलं. तिथलं पोर गाढ झोपलेलं. शेवटी सिस्टरच हसून म्हणाली, "अहो पर्णवीच्या आई, तुमचीच रडालीय की!"

केतकी वळली. पर्णवीचं तोंड उघडं होतं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. हे सगळं ओळखीचं होतं. सहा वर्षं पोरगी अशीच रडत आली होती, फक्त त्या रडण्याला आवाज नव्हता. आता होता. घोगरा, फाटका, एखाद्या म्हातारीचा वाटावा असा. दुसरी कुणी आई असती तर आनंदानं तिचेही डोळे भरून आले असते. केतकीनं मात्र आधी काय केलं असेल, तर खाटेखाली हात घालून गळ्यातला चिकटा ओढून काढायचं सक्शनचं मशीन शोधलं. मशीन तिथं नव्हतं. आता त्याची गरजच उरली नव्हती, पण हे हाताला कोण सांगणार?

पर्णवी दिवस भरायच्या कितीतरी आधी जन्मली. फुप्फुसं कच्ची, त्यामुळे बाळ महिनोन्‌महिने व्हेंटिलेटरवर. शेवटी डॉक्टरांनी गळ्याला पुढून भोक पाडून श्वासनलिकेत एक छोटी नळी बसवली आणि त्या नळीसकट बाळ इचलकरंजीला घरी आलं. नळीवाल्या मुलांचा श्वास नाका-तोंडातून जात नाही, थेट नळीतून आत-बाहेर करतो. आवाजाच्या पडद्यांपर्यंत हवा पोचतच नाही, म्हणून ही मुलं रडली तरी ऐकू येत नाही. नळी चिकट्यानं भरली की काही मिनिटांत सगळं आटोपतं, आणि तेवढ्यात ते मूल साधी हाकसुद्धा मारू शकत नाही.

म्हणून केतकीनं तिच्या पायांत दाट घुंगरांचे पैंजण घातले. पर्णवी झोपेत तडफडली तर पाय हलतील आणि पाय हलले तर घुंगरू वाजतील, एवढाच त्यामागचा हिशेब. येणारे-जाणारे म्हणायचे, लेकीची काय हौस! केतकी हसून चहा टाकायला जायची. ती पूर्वी एका कापड तपासणी लॅबमध्ये होती, तिथली नोकरी सुटली. मैत्रिणी सुटल्या. माहेरची विहीर सुटली, कारण नळीच्या भोकातून पाणी गेलं तर ते सरळ फुप्फुसात उतरतं. लहानपणी मासोळीसारखी पोहणारी केतकी लेकीला कमरेच्या वर पाणी लागू न देता अंघोळ घालायला शिकली. डोळ्यांत तेल घालून जपणं म्हणतात ते तिनं सहा वर्षं केलं होतं.

फुप्फुसं सुधारली ती पर्णवी तीन वर्षांची झाल्यावर. आता नळी काढू, म्हणून काढली, तर क्षणात पोरीचे ओठ जांभळे पडले आणि नळी परत घालावी लागली. तेव्हा डॉ. शबनम मुजावर त्यांना पहिल्यांदा भेटल्या. लहान मुलांच्या श्वासनलिकेच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या या बाईंनी समजावताना चित्रबित्र काढलं नव्हतं.

"उसाचा रस पिताना कागदी स्ट्रॉ भिजून मऊ पडते बघा," त्या म्हणाल्या. "मग जोरात ओढलं की काय होतं?"

"चिकटते," केतकीचा नवरा सन्मती म्हणाला.

"तेच झालंय. श्वासनलिका उघडी राहते ती कूर्चेच्या कड्यांमुळे. कानाच्या पाळीच्या वर हाताला लागतं ना, तसलं लवचीक हाड. वर्षानुवर्षं नळी बसल्यानं भोकाच्या वरच्या भागातली कूर्चा दबून मऊ पडलीय. श्वास आत ओढला की पुढची भिंतही आत ओढली जाते आणि वाट बंद."

पूर्वी अशा भिंतीला टाके घालून बाहेर ताणून धरत किंवा बरगडीची कूर्चा काढून ठिगळ लावत. पर्णवीच्या बाबतीत भाग मोठा होता, ठिगळ पुरलं नसतं. तीन वर्षांनी नवी सोय आली, तिला वॉर्डात सगळेच 'कडी' म्हणत. श्वासनलिकेच्या बाहेरून बसणारी अर्धगोल जाळी. मऊ भिंत टाक्यांनी तिला टांगायची. जाळी अशा पदार्थाची, की दीड वर्षात शरीरातच विरघळून जाते, आणि तिच्या आतल्या अंगाला मुलाच्या स्वतःच्या बरगडीतून काढून वाढवलेल्या कूर्चेच्या पेशी पेरलेल्या. कडी विरघळेपर्यंत पेशींनी नवी भिंत उभी करायची. जाळीत बारीक तारा विणलेल्या असत. मानेच्या उबेवर त्यांना वीज मिळे आणि तेवढ्या विजेवर कडी ताठ किंवा सैल होऊ शके.

"ती जराशी वाकणार," डॉक्टर बजावून म्हणाल्या होत्या. "मुद्दाम तशी केलीय. वाकली की भिंतीवर भार येतो, आणि भार आला तरच पेशी कूर्चा विणतात. भार नाही तर काम नाही."

कडी बसवून आणि नळी काढून झाल्यावर, घरी जाताना त्यांनी केतकीच्या मनगटाला एक पट्टा बांधला. पर्णवीची वाट अरुंद झाली की पट्टा थरथरायचा. त्यावर अंगठा दाबून धरला की कडी लोखंडासारखी ताठ व्हायची आणि काही वेळ ताठच राहायची. सर्दीनं गळा सुजला आणि हॉस्पिटल लांब असलं, तर जीव वाचावा म्हणून ती सोय होती.

"खरंच अडलं तरच," डॉक्टर म्हणाल्या. केतकीनं मान हलवली.

पहिल्यांदा अडलं ते घराच्या पायऱ्या चढताना. पर्णवी आनंदानं दोन-दोन पायऱ्या उडी मारत चढली आणि वर पोचताच तिच्या गळ्यातून 'हुऽऽक' असा आवाज आला. पट्टा थरथरला. केतकीचा अंगठा दाबला गेला, विचार वगैरे करायला वेळच नव्हता. आवाज थांबला.

"गळा दगड झाला," पर्णवी मान चोळत म्हणाली.

"दगड झाला ते चांगलंच झालं," केतकी म्हणाली आणि तिला कडेवर घेऊन आत गेली.

मग ते रोजचंच झालं. पर्णवी पळाली की पट्टा थरथरायचा. रडली, हसली, भांडली, गाणं म्हणायला लागली, तरी थरथरायचा. केतकी दाबायची. दाबलं की थरथर थांबायची आणि तिचा जीव भांड्यात पडायचा. सहा वर्षांत पहिल्यांदाच भीतीवर असं हाताशी औषध मिळालं होतं आणि ते तिला पुरत नव्हतं.

"डॉक्टर काय म्हणाल्या होत्या?" सन्मती एकदा जेवताना म्हणाला.

"डॉक्टर माझ्या घरात राहत नाहीत."

"अगं, पण भार आला पाहिजे म्हणाल्या होत्या ना?"

केतकीनं ताटातला हात काढून घेतला. "लॅबमध्ये मी काय करत होते, अहो? मशीनला कापड लावायचं आणि ओढायचं. रोज ओढायचं. ओढल्यानं धागा घट्ट झालेला मी आजवर बघितला नाही. प्रत्येक ताणाला थोडा थोडा विरतो, आणि एक दिवस टर्रकन जातो. माझ्या पोरीच्या गळ्यात मी तसं होऊ देणार नाही."

सन्मती यंत्रमागाच्या कारखान्यात सुपरवायझर होता. धाग्याची ही गोष्ट त्यालाही पटण्यासारखीच होती. त्यानं आमटी वाढून घेतली.

वर्षानं दुर्बिणीची तपासणी झाली. पर्णवी भुलीत होती आणि डॉक्टर मुजावरांनी केतकीला पडद्याजवळ बोलावून घेतलं. पडद्यावर गुलाबी, ओलसर बोगदा दिसत होता. पर्णवीनं श्वास घेतला की बोगद्याची पुढची भिंत लुळी पडून आत यायची, पावसात दोरीवर राहिलेल्या धोतरासारखी. श्वास सोडला की मागं जायची.

"वर्षात इथं चांगली जाड कूर्चा यायला हवी होती," डॉक्टर म्हणाल्या. "पेशी जिवंत आहेत. पण काहीच विणलेलं नाही. जशा पेरल्या तशा निजून आहेत. या भिंतीला कधी कामच पडलं नाही."

"मी दाबते," केतकी म्हणाली. "पट्टा थरथरला की दाबते."

"दर वेळेला?"

"दर वेळेला."

डॉक्टर रागावल्या असत्या तर केतकीला बरं वाटलं असतं. त्या नुसत्या स्टूल ओढून बसल्या.

"कापडाचं आणि याचं उलटं असतं, पर्णवीच्या आई. कापड मेलेलं असतं, ताणलं की विरतं. हे जिवंत आहे. ताणलं की घट्ट होतं." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "आता बघा. इथं कडी पातळ व्हायला लागलीय. ते मला थांबवता येत नाही. पावसाळा लागेपर्यंत ती जवळजवळ नसेल. तोवर भिंत उभी राहिली तर राहिली."

"नाही राहिली तर?"

"तर गळ्यात परत नळी."

"दुसरी कडी बसवा ना!"

"परत तिथं चिरलं तर कडक वण धरतो. वाट आणखी अरुंद होईल. मग नळी कायमचीच समजा."

केतकीनं मनगट पुढं केलं. "हा काढून घ्या. माझ्याजवळ नकोच."

"आणि परवा गळा सुजला, तुम्ही इचलकरंजीत असलात तर? राहू दे. अंगठा आवरा. पळू दे तिला, ओरडू दे, भांडू दे."

अंगठा आवरणं काय असतं, ते केतकीला पुढच्या आठवड्यांत समजलं. पर्णवी दोरीवरच्या उड्या मारायची, पट्टा थरथरायचा, गळ्यातून हुऽऽक व्हायचं आणि केतकी ओढणीचा बोळा तोंडात कोंबून भिंतीला टेकून उभी राहायची. तेवढ्या वेळात तिला पोरीचे जांभळे ओठ दिसायचे, पांढरी चादर दिसायची, नाही नाही ते दिसायचं. मग भिंत आपसूक उघडायची आणि उड्या पुन्हा सुरू व्हायच्या. पर्णवी मधूनच वळून आईकडे बघायची. केतकीला वाटायचं, पोरगी लाडानं बघते.

हळूहळू पट्टा कमी थरथरू लागला. मग आणखी कमी. एका आठवड्यात तर तो मनगटावर मेल्यासारखा पडून राहिला. केतकीनं सन्मतीला पेढे आणायला पाठवलं आणि हॉस्पिटलात फोन लावला.

"डॉक्टर, भिंत धरली वाटतं! पट्टा हलतसुद्धा नाही!"

"अरे वा!" डॉक्टर मुजावर मनापासून म्हणाल्या. "पळते का चांगली?"

"पळत नाही हो फारशी. शहाणी झालीय आता. एका जागी बसून चित्रं काढते."

"ओरडते? भांडते?"

"छे! आवाज नाही पोरीचा."

डॉक्टरांनी विचारलं, "हसते का?"

केतकीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, की तिला माहीत नाही.

त्या रविवारी सन्मतीनं त्याचं ठेवणीतलं सोंग काढलं. उशी पोटाला बांधून तो शेठजी व्हायचा आणि माग बंद का म्हणून सोफ्याला, टेबलाला, फ्रिजला दम भरायचा. या सोंगाला पर्णवी पूर्वी आवाजाविना गडाबडा लोळायची. आज तिचे गाल फुगले, डोळ्यांत हसू आलं, आणि तिनं चटकन खालचा ओठ दातांत धरला. मग आधी आईच्या मनगटाकडे पाहिलं. नंतर आईच्या तोंडाकडे. हसू गिळून ती पुन्हा चित्रावर वाकली.

केतकी तिच्याशेजारी फरशीवर बसली. "हसू आलं होतं ना गं? का दाबलंस?"

"तुझा पट्टा हलतो."

"हलू दे की. आता मी कुठं दाबते?"

"पण तू अशी होतेस," पर्णवी म्हणाली, आणि तिनं करून दाखवलं. डोळे विस्फारले, मान मागं नेली, दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. सात वर्षांच्या त्या इवल्या चेहऱ्यावर अशी भीती उतरली, की सन्मती सोंग विसरून जागच्या जागी थांबला.

"मी अशी होते?"

"हो. म्हणून मी हळू हळू घेते. शाळेतपण हळू घेते. बघ, मला येतं." आणि पर्णवीनं आईला आपली करामत दाखवली. पाठ ताठ केली, तोंड मिटलं आणि इतका बारीक श्वास घेऊ लागली, की छाती हलत नव्हती, पायांतलं घुंगरू हलत नव्हतं आणि पट्टाही गप्प होता. नुसते डोळे हलत होते. ते कौतुकाची वाट बघत होते.

केतकी आयुष्यात खूपदा घाबरली होती, पण तिला कधी स्वतःची भीती वाटली नव्हती. ती त्या दिवशी वाटली. पोरीनं आईला त्रास नको म्हणून श्वास चोरायला शिकून घेतलं होतं आणि तिकडे कडी रोज थोडी थोडी विरघळत होती.

"आता मुद्दाम हसरं तोंड ठेवते मी," तिनं फोनवर डॉक्टरांना सांगितलं, "तर म्हणते, आई, तू खोटं खोटं हसालीस."

"मुलांना फसवता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी जरा विचार केला. "पोहायला येतं का तुम्हाला? भोक तर कधीच भरून आलंय. छातीभर पाण्यात माणूस उभं राहिलं ना, की पाणी चहूकडून दाबतं. तिथं चोरून श्वास घेताच येत नाही. ओढावाच लागतो."

केतकीनं फोन ठेवला आणि माहेरी लावला.

शिरोळकडे केतकीचं माहेर. मे महिन्यात शीतलदादाच्या, म्हणजे तिच्या थोरल्या भावाच्या विहिरीवर गल्लीतली सगळी पोरं पडीक असत. दादा शाळेत भूगोल शिकवायचा आणि सुट्टीत पोहायला. पोराच्या पाठीला हवाबंद डबा बांधायचा आणि पाण्यात सोडायचं, ही तिथली जुनी पद्धत. आता डब्याऐवजी प्लॅस्टिकचे कॅन आले होते, तरी सगळे त्याला डबाच म्हणत. केतकीही तशीच शिकली होती.

"ये की गं!" दादा खालून पाण्यातूनच ओरडला. "किती वर्षं झाली पाण्यात उतरून? इसरलीस का काय?"

विहिरीला आतून दगडी पायऱ्या होत्या. केतकी भराभर उतरली आणि पंजाबी ड्रेससकट पाण्यात शिरली. गार पाण्यानं अंग शहारलं. वर काठावर सन्मती उभा होता. तिचा उघडा हात त्याला दिसला आणि तो वाकून ओरडला, "पट्टा कुठाय?"

"फ्रिजवर!"

"कुठल्या फ्रिजवर?"

"आपल्या! इचलकरंजीत!"

सन्मतीच्या तोंडचं पाणी पळालं. तो मटकन काठावर बसला आणि त्यानं हात जोडले, कुणाला ते त्यालाच ठाऊक.

पर्णवी पाठीला डबा बांधून एकेक पायरी उतरू लागली. छुम, छुम, पैंजण वाजत होते. शेवटच्या पायरीवर ती थबकली. केतकीनं हात पुढं केला. पर्णवी घोट्यापर्यंत पाण्यात आली आणि घुंगरांचा आवाज बुडाला.

केतकीचे कान एकदम रिकामे झाले. मनगटावर थरथर नाही, पायांत घुंगरू नाही. गेली सात वर्षं पोरगी जिवंत असल्याची काही ना काही खूण तिला सतत मिळत आली होती. आता पोरीच्या श्वासाशिवाय दुसरं काही ऐकायलाच नव्हतं.

पाणी छातीला आलं तसा पर्णवीनं तिचा तो बारीक श्वास घ्यायचा प्रयत्न केला. जमला नाही. पाण्यानं छाती दाबली होती. तिनं तोंड उघडलं, जोरात हवा ओढली आणि गळ्यातून आवाज आला.

हुऽऽक.

विहिरीत तो दुप्पट मोठा झाला. पर्णवीनं घाबरून आईच्या मनगटाकडे पाहिलं. तिथं उन्हानं न रापलेला पांढरा पट्टा तेवढा उरला होता. केतकीचा अंगठा त्यावर गच्च दाबला गेलेला, आणि दाबून काहीही होणार नव्हतं. मग पर्णवीनं आईच्या तोंडाकडे पाहिलं. केतकीनं हसायचा प्रयत्न केला, तो जमेना, तेव्हा तिनं सोडून दिला.

"घाबरलेय मी," ती म्हणाली. तिचे दात वाजत होते. "खूप घाबरलेय. मला तसंच होतं, पर्णू. माझं तोंड असंच राहणार. तू माझ्याकडं बघून श्वास घेऊ नको. तुला लागेल तेवढा घे. ओढ!"

पर्णवीनं ओढला. भिंत आत आली, अडली, आणि उघडली. पुन्हा ओढला. पुन्हा उघडली. कडी आता नावापुरती उरली होती. जे काही उघडत होतं ते पोरीचं स्वतःचं होतं. केतकीला हे कळत होतं, तरी हरेक श्वासाला तिचा जीव जात होता आणि परत येत होता.

"चल भाची!" शीतलदादानं पर्णवीच्या पोटाखाली हात घातला आणि तिला अलगद ओढत पलीकडे नेलं. तिथं कपारीत त्याच्याकडं पोहायला शिकणारी पोरं ओळीनं बसली होती. त्यांनी तिला ओढून वर घेतलं. केतकी अलीकडच्या पायरीला धरून राहिली. लेकीत आणि तिच्यात एवढं अंतर, आणि मधे पाणी, असं आजवर कधी झालं नव्हतं.

"आई!"

साऱ्या विहिरीत हाक घुमली. काठावरची पाखरं उडाली. केतकीला क्षणभर पुन्हा तसंच झालं, वॉर्डात झालं होतं तसं, की ही हाक कुणाच्या तरी मुलीची आहे. पर्णवीनं तिला लांबून कधी हाक मारलीच नव्हती. एक तर आवाज नव्हता, आणि आवाज आल्यावर आई कधी लांब नव्हती.

केतकीनं पायरी सोडली आणि पाणी कापत निघाली.

"येऊ नको!" पर्णवी ओरडली. आवाज फाटका, घोगरा, पण चांगला खणखणीत. "तिथंच थांब! मी येते!"

केतकी विहिरीच्या मधोमध थांबली. पाय मारत, हात फिरवत ती जागच्या जागी तरंगत राहिली. पर्णवीनं पाण्यात उडी घेतली. बुडाली, डब्यानं वर आली, खोकली. हुऽऽक. वर सन्मतीनं डोळे मिटून घेतले. पर्णवीनं वेडेवाकडे हात मारले, पुढं सरकली, पुन्हा तोंड वासलं. हुऽऽक. मग ओरडली, काही शब्द नव्हते त्यात, नुसतं ओरडणं, आणि कपारीतली पोरं तिच्या सुरात सूर मिसळून ओरडू लागली.

केतकीला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की पुरे, दादा, धर तिला. तिनं ते सांगितलं नाही. दोन हातांवर पोरगी आली, तरी तिनं हात पुढं केला नाही. एका हातावर आली. श्वास जोरजोरात वाजत होता, गळ्याची खाच आत-बाहेर होत होती, ओठ लालबुंद होते. केतकी त्या ओठांकडे बघत तरंगत राहिली.

पर्णवी तिच्यापर्यंत पोचली, तोंडावरचं पाणी झटकलं आणि धापा टाकत म्हणाली,

"आता धर."